अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांच्या शुश्रूषेसाठी कायदाही हवा आणि निधीही

महोदय,

कोकणात अलीकडे वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्र, केअर सेंटर अशा निरनिराळ्या पाट्या लावून ज्येष्ठांची निवासी सोय करणाऱ्या संस्था वाढल्या आहेत. त्यांची गरज खरी आहे. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, आणि २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. कामाच्या वयाची माणसे मुंबई-पुण्याला गेल्यावर घर राखत मागे उरलेल्यांमध्ये एकट्या वृद्धा किती असतील, हे या आकड्यांवरूनच कळते.

बहुतेक वृद्धाश्रमांची प्रवेशाची अट अशी असते की, येणाऱ्या व्यक्तीला स्वतःचे आन्हिक स्वतः उरकता आले पाहिजे. हीच व्यक्ती पुढे पडून खुब्याचे हाड मोडले, पक्षाघात झाला किंवा स्मृतिभ्रंश वाढला की संस्था नातेवाइकांना फोन करून ‘आता घेऊन जा’ असे सांगते. संस्थेला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तिच्याकडे ना प्रशिक्षित परिचारिका असते ना तिचा पगार देण्याची ऐपत. मुंबईच्या दोन खोल्यांत आईला नेणे शक्य नसलेला मुलगा मग भाड्याच्या बंगल्यात चालणारे एखादे केंद्र गाठतो, अनामत रक्कम भरतो आणि परत जातो. त्या केंद्रात रात्रपाळीला कोण असते, लघवीची नळी कोण बदलते, औषधांची नोंद कोण ठेवते, हे नियमितपणे येऊन तपासणारी यंत्रणा नाही.

मी शासकीय रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे, म्हणून एकाच गोष्टीवर भर देते. सतत पडून राहिल्याने पाठीला आणि कमरेखाली होणाऱ्या जखमांना, म्हणजे शय्याव्रणांना, ‘वयामुळे होतातच’ असे म्हटले जाते. ते बहुतेक वेळा खरे नसते. रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवले, त्वचा कोरडी ठेवली आणि आहारात पुरेशी प्रथिने दिली, तर यातील बऱ्याच जखमा टळतात. मात्र रात्री दोन वाजता वळवण्यासाठी दोन माणसे जागी लागतात, आणि वीस-पंचवीस अंथरुणांमागे एकच मावशी असेल तर तिने कितीही जीव तोडून काम केले तरी ते होणार नाही. त्यामुळे नियमनाची सुरुवात इमारतीपासून नव्हे, तर पाळीनिहाय मनुष्यबळापासून झाली पाहिजे. २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी रॅम्प, लिफ्ट, दारांची रुंदी यांचे नियम केले, ते योग्यच झाले. परंतु त्या दारातून आत गेल्यावर मिळणाऱ्या शुश्रूषेचे काय, हा प्रश्न शिल्लक आहे.

याला कायद्याचा आधार मुळीच नाही असे नाही. राज्याच्या १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यातील व्याख्येत आजार आणि इजा यांच्याबरोबर दुर्बलतेमुळे उपचार व शुश्रूषा घेणाऱ्यांना ठेवून घेणारी जागाही येते. अंथरुणाला खिळलेल्यांना पैसे घेऊन सांभाळणारे केंद्र या व्याख्येत बसते असे माझे मत आहे, आणि शासनाने तसा खुलासा निःसंदिग्धपणे करावा. याच कायद्याच्या नियमांत २०२१ साली झालेल्या सुधारणेने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. ते या केंद्रांनाही लागू होईल. केंद्र सरकारच्या २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान दीडशे जणांचा एक वृद्धाश्रम अपेक्षित आहे, पण तेथे शब्द ‘स्थापन करू शकेल’ असा असल्याने राज्यांवर बंधन येत नाही. ज्येष्ठांच्या निवासी संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि मंजूर न होताच २०२४ मध्ये व्यपगत झाले.

नुसते नियम कडक केले तर काय होईल, याचीही मला तितकीच चिंता वाटते. देणग्यांवर चालणाऱ्या छोट्या संस्था बंद पडतील आणि महागडी केंद्रे तेवढी उरतील. आज श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दिवसाला तीन डायपर धरले तर तेवढ्यात त्यांचाही खर्च भागत नाही. सत्तर वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले आहे, परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. खुब्याची शस्त्रक्रिया त्यात होते. नंतरची अनेक वर्षांची शुश्रूषा कुटुंबाच्याच खिशातून होते. जपानने २००० पासून चाळीस वर्षांवरील प्रत्येकाकडून हप्ता घेऊन आणि जवळजवळ तेवढीच रक्कम करांतून घालून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा चालवला आहे. आपल्याकडे तेवढी मजल लगेच मारता येणार नाही, पण परावलंबित्वाची श्रेणी ठरवून त्यानुसार दरमहा अनुदान देणे आणि ते केवळ नोंदणीकृत व तपासणीत उत्तीर्ण झालेल्या संस्थेलाच देणे, एवढे राज्याच्या आवाक्यात निश्चित आहे. तपासणी पूर्वसूचनेविना व्हावी आणि तिचा अहवाल नातेवाइकांना वाचता यावा.

किनारपट्टीसाठी आणखी एक अट घालावीच लागेल. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. स्वतः उठू न शकणाऱ्या माणसांना ठेवणारी जागा पूररेषेच्या आत नसावी, तेथे जनित्र असावे, आणि त्यांना हलवण्याची योजना तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात नोंदलेली असावी.

कोकणातील आमदारांनी हा विषय येत्या अधिवेशनात मांडावा, आणि तोपर्यंत दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी निदान एकेका उपजिल्हा रुग्णालयात अशा रुग्णांसाठी कायमस्वरूपी कक्ष व त्याच्या परिचारिकांची पदे मंजूर करावीत, अशी माझी विनंती आहे.

— एक निवृत्त परिचारिका, देवरुख (जि. रत्नागिरी)