वेस्टव्लेटेरनची बिअर मठाच्या दारातच प्यावी

संपादक महोदय,

बेल्जियममधल्या वेस्टव्लेटेरन गावी सिंट सिक्स्टस नावाचा ट्रॅपिस्ट, म्हणजे कडक नियम पाळणाऱ्या कॅथॉलिक संन्याशांचा, मठ आहे. तिथली 'बारा नंबर'ची बिअर यंदाच्या उन्हाळ्यात मला अखेर प्यायला मिळाली. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे. यीस्टचा धडा आला की या मठाचे नाव माझ्या तोंडी यायचेच, पण चव ठाऊक नव्हती. बिअरच्या शौकिनांमध्ये तिच्याबद्दल एक समज पक्का आहे: मठवाले ती मुद्दाम टंचाईत ठेवतात आणि त्यातून नाव नि पैसा कमावतात. हे खरे नाही, आणि तेवढे सांगण्यासाठीच हे पत्र.

मठ 1831 चा. काही वर्षांतच तिथे बिअर बनू लागली. ट्रॅपिस्ट म्हणवणाऱ्या बिअरला काही अटी पाळाव्या लागतात. ती मठाच्या आवारातच बनली पाहिजे, काम मठवासीयांच्या हातून किंवा देखरेखीखाली झाले पाहिजे आणि मिळकत मठाच्या निर्वाहाला व दानधर्माला गेली पाहिजे. त्यातही सिंट सिक्स्टसचे मठवासी अधिक कडक. प्रार्थनेच्या वेळा आधी ठरतात आणि उरलेल्या वेळात बिअर होते. 2005 साली बिअरप्रेमींच्या एका आंतरराष्ट्रीय यादीत 'बारा' पहिली आली, दारात गाड्यांची रांग लागली, साठा संपला. दुसऱ्या कोणी नवा कारखाना उभारला असता. यांनी उत्पादन वाढवले नाही. उलट एका माणसाला किती मिळेल यावर बंधन घातले. आधी फोनवर नाव नोंदवायचे, गाडीचा नंबर द्यायचा, मग ठरल्या वेळी जाऊन लाकडी क्रेट घ्यायचा, अशी पद्धत होती. 2019 पासून ही नोंदणी ऑनलाइन होते.

टंचाईचा डाव म्हणणाऱ्यांनी 2011-12 ची हकीगत जरूर पाहावी. मठाची इमारत जीर्ण झाली होती, बांधकामाला पैसा हवा होता. तेव्हा त्यांनी सहा बाटल्या आणि दोन ग्लास अशी खास पेटी काढली, ती आधी बेल्जियममधल्या दुकानांत आणि मग परदेशांतही विकली. गरज भागली आणि विक्री थांबली. लोक मागत होते, नफा समोर दिसत होता, तरी थांबली. लोभी माणूस असा थांबत नाही.

आता बिअरविषयी. मठासमोरच 'इन दे व्रेदे' हे मठाचे उपाहारगृह आहे. तिथे ग्लासने बिअर मिळते, नोंदणी लागत नाही. बाटलीला बराच काळ लेबल नव्हते, सगळी माहिती झाकणावर असे. पिवळे झाकण म्हणजे बारा, निळे म्हणजे आठ, हिरवे म्हणजे फिकट रंगाची ब्लाँड. बारामध्ये 10.2 टक्के अल्कोहोल असते, म्हणून ती घोटाघोटानेच प्यायची. फार थंडगार करूनही चालत नाही, थंडीने वास दबतो. उभा पाय असलेल्या रुंद ग्लासात गडद तपकिरी बिअर आणि वर दाट, रेंगाळणारा फेस. पहिल्यांदा मनुका आणि सुके अंजीर यांचा वास आला, मागून कडक भाजलेल्या पावाचा. घोट घेतल्यावर काकवीसारखी खोल गोडी जिभेवर पसरली आणि ती जड होण्याआधीच हॉप्स या वेलीच्या फुलांच्या कडवटपणाने आवरली. गिळल्यावर छातीत हलकी ऊब.

या गोडीमागे गडद कँडी साखर आहे आणि फळांच्या वासामागे यीस्ट. ते यीस्ट वेस्टमाल्ल या दुसऱ्या ट्रॅपिस्ट मठातून येते. उबदार तापमानात ते आंबवण्याचे काम करते तेव्हा एस्टर नावाची संयुगे तयार होतात आणि नाकाला फळे जाणवतात. बाटलीत भरल्यावरही आत जिवंत यीस्ट असते, त्यामुळे बिअर तिथे मुरत राहते. इतकी वर्षे हे सारे मी फळ्यावर लिहीत आले. ते समोरच्या ग्लासातून नाकापर्यंत येताना मला जो आनंद झाला तो सांगायला संकोच वाटत नाही. माझे यजमान पीत नाहीत. त्यांनी मठाचे चीज खाल्ले आणि माझा ग्लास संपेपर्यंत शांतपणे सोबत केली.

जवळच्याच वाटू गावातली सिंट बर्नार्डस ब्रुअरी दुसऱ्या महायुद्धानंतर 1992 पर्यंत परवान्याने याच मठाची बिअर बनवायची. तिची आजची 'आब्त 12' चवीला बारापासून फार दूर नाही, आणि ती दुकानात सहज मिळते. ज्यांना वेस्टव्लेटेरनला जाणे जमत नाही त्यांनी ती खुशाल घ्यावी.

पण चढ्या भावाने विकणाऱ्यांकडून बारा घेऊ नये. मठ बाटल्या विकतो त्या पुन्हा विकायच्या नाहीत या अटीवर. तरीही 2018 साली नेदरलँड्समधल्या एका सुपरमार्केट साखळीने हजारो बाटल्या मिळवून प्रत्येकी जवळपास 10 युरोंना विकायला ठेवल्या. मठाच्या दारात तीच बाटली 2 युरोंच्या आसपास होती. मठाने जाहीर नापसंती व्यक्त केली. माझ्यापुढेही अशा बाटल्या अनेकदा आल्या, मी घेतल्या नाहीत. साध्या माणसाला परवडेल असा भाव ठेवायचा मठाचा निश्चय आपल्याच पैशाने मोडावा, हे मला पटत नाही.

आपल्या प्रवास पुरवणीत युरोपवर नेहमी लेख येतात. बेल्जियमवर लिहाल तेव्हा पुन्हा न विकण्याची ही अट अवश्य छापा. पोपेरिंगपर्यंत रेल्वे जाते, तिथून हॉपच्या मळ्यांतून मठ काही किलोमीटरवर आहे. उपाहारगृह रोज उघडे नसते, वार पाहून निघावे. आणि बारा प्यायची असेल तर परतीची गाडी दुसऱ्याने चालवावी.

आपली,
एक नियमित वाचक