बुटक्यांच्या गडावरचं पाणी

डिचोली, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "अजून तोच खेळ?" मी नुसतं "हो" म्हटलं, कारण याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, निवांत वाच. पाऊस धरून बसलाय, वीज येते आणि जाते, त्यामुळे लिहायला सवड आहे.

'ड्वार्फ फोर्ट्रेस' तुला आठवतो तो कॉलेजातला. काळा स्क्रीन आणि त्यावर नुसती अक्षरं नि चिन्हं. त्यातलं झाड कुठलं आणि मांजर कुठलं हे शोधता शोधता तू कंटाळून उठलास. आता तसं राहिलेलं नाही. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोघा भावांनी २००६ मध्ये तो पहिल्यांदा लोकांच्या हाती दिला, तोही फुकट, आणि पुढे वर्षानुवर्षं लोकांच्या देणग्यांवर तो वाढवत राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये तो स्टीमवर, म्हणजे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, चित्रांसकट आला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये व्हिडिओ गेम संग्रहात घ्यायचं ठरवलं, तेव्हाच्या पहिल्या १४ खेळांत हा होता. चित्रांशिवायचे त्याचे ते दिवस, तरीही. मला त्याचं नवल वाटत नाही.

सुरुवात अगदी साधी असते. सात बुटके, एक गाडी, थोडं धान्य, कुदळी. डोंगर पोखरायचा आणि आत गड वसवायचा. पण ते सात जण उतरण्याआधी खेळाने अख्खं जग घडवलेलं असतं: पाऊस कुठे किती पडतो, नद्या कुठून निघतात, कोणत्या राज्याचं कोणाशी वैर आहे, सगळं. जिंकणं असं काही त्यात नाहीच. गड टिकेल तेवढा टिकवायचा. सातांपैकी एका खाणकाम्याला मी तुझं शाळेतलं टोपणनाव दिलंय. पुढे तो येतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता गड कसा बुडाला ते सांगतो. ते नीट सांगितल्याशिवाय मला काय म्हणायचंय ते तुला कळणार नाही.

बुटके पाण्यावर जगत नाहीत, दारूवर जगतात. ती मिळाली नाही तर त्यांचे हात मंदावतात. जमिनीखाली जांभळ्या टोपीची एक अळमी पिकते, तिची दारू गाळायची, की गडाचं भागतं. पहिलं वर्ष त्यामुळे पाण्याची आठवणही होत नाही, नदी समोरून वाहतच असते. मग थंडी येते आणि नदी गोठते. आपल्याकडचा माणूस हे आधी मनात आणणारच नाही. आपल्या नद्या पावसात फुगतात, उन्हाळ्यात हडकतात, पण दगड होत नाहीत. त्याच थंडीत झाडं तोडायला बाहेर पडलेल्या एकाला जनावराने फाडला. त्याला आत आणून खाटेवर टाकला. आणि इथे या खेळाचा एक नियम आडवा येतो: जखमी माणसाला दारू देत नाहीत, फक्त पाणी. तळघरात पिंपंच्या पिंपं भरलेली, शुश्रूषा करणारा रिकामी बादली घेऊन गोठलेल्या नदीपर्यंत जातो, परत येतो, आणि खाटेवरचा माणूस तहानेने जातो. जखमा भरत आल्या होत्या त्याच्या. मला फार लागलं ते.

जमिनीखालचं पाणी गोठत नाही. तेव्हा उपाय उघड होता: खाली हौद खोदायचा, नदीपासून हौदापर्यंत पाट न्यायचा, पाटाच्या तोंडाशी झडप बसवायची, आणि हौदावर, रुग्णालयाच्या मधोमध विहीर. वसंतात बर्फ वितळलं की झडप उघडायची, हौद भरला की बंद करायची. कागदावर हे इतकं सरळ आहे की तूसुद्धा मान डोलावली असतीस, आणि तुझं तर कामच पाणीपुरवठ्याचं.

आता खेळात पाणी कसं वागतं ते बघ. प्रत्येक चौकोनात पाण्याची उंची १ ते ७ अशी मोजली जाते, ७ म्हणजे काठोकाठ. आणि पाण्याला दाब असतो. वरून खाली उतरलेलं पाणी, वाट मिळाली की आपल्या उगमाच्या पातळीपर्यंत पुन्हा चढू बघतं. नदी डोंगराच्या पायथ्याशी, जमिनीच्या पातळीवर. रुग्णालय तिच्या बरंच खाली. हौद त्याच्याही खाली. म्हणजे नदीच्या लेखी रुग्णालयातली विहीर ही विहीर नाहीच, ती वर जायची नळी आहे. हे खेळ कुठेच समजावत नाही. खणताना ओलसर दगड लागला की काम थांबवून तेवढी सूचना देतो, बस.

झडप उघडली. हौद भरला. दांडा ओढून झडप बंद करायचा हुकूम सुटला, पण दांडा काही आपण ओढत नाही. जो बुटका मोकळा असेल तो जातो. ज्याने हे काम घेतलं तो गडाच्या दुसऱ्या टोकाला होता. तो पायऱ्या उतरून दांड्यापाशी पोचेपर्यंत विहिरीच्या तोंडातून पाणी वर आलं होतं, आणि दांडा ओढल्यावरही झडप लगेच मिटत नाही, थोडा वेळ घेते. खाटांवरचे आधी गेले. त्यांना उठता येत नव्हतं. रुग्णालयाचं दार बंद झालं असतं तर पाणी तिथेच थांबलं असतं. बंद दार पाणी रोखतं. पण उंबरठ्यात एक मोजा पडला होता. कुणाच्या तरी पायातला, घाईत गळलेला. दारात वस्तू पडली की दार मिटत नाही. त्या मोज्यापायी पाणी जेवणघरात शिरलं, तिथून जिन्यात, जिन्यातून झोपायच्या खोल्यांत.

तुझ्या नावाचा बुटका त्या वेळी वरच्या मजल्यावर खणत होता, म्हणून वाचला. पण वाचला म्हणजे सुटला नाही. या खेळात बुटक्यांना आठवणी असतात. वाईट प्रसंग मनात घर करून बसतो आणि मधूनच वर येतो. माणूस तो पुन्हा अनुभवतो, तितकाच खचतो. त्याच्या नावावर टिचकी मारली की मनात काय चाललंय ते वाचता येतं. तुझा बुटका किती काळ त्याच्या मित्राचं बुडणं आठवत राहिला! आणि त्याच यादीत, त्याच्याच शेजारी: पावसात भिजलो, त्रास झाला. हे वाचलं तेव्हा बाहेर आपला आषाढ कोसळत होता.

प्रेतं पाण्याखाली, बाहेर काढता येईनात. मेलेल्याला मूठमाती मिळाली नाही तर तो भूत होऊन फिरतो. अशा वेळी दगडी पाटीवर त्याचं नाव कोरून ती उभी करायची, मग तो शांत होतो. उरलेल्या थोड्या लोकांनी बाकी काम बाजूला ठेवून आधी पाट्या कोरल्या. एकेकाचं नाव. मी घाई केली नाही.

त्यातून गड सावरतोय असं वाटत असताना एका सुताराला झपाटलं. बुटक्याला मध्येच अशी एक धुंदी चढते. तो एखादं कामाचं ठिकाण अडवून बसतो आणि ठरावीक वस्तू मागतो. मिळाल्या तर आयुष्यात एकदाच घडेल अशी कलाकृती करतो आणि बहुतेक वेळा त्या कलेत निष्णात होऊन बाहेर येतो. नाही मिळाल्या तर डोकं जातं. याने लाकूड घेतलं, दगड घेतला, आणि मग शिंपलीचं चित्र काढत बसला. शिंपली! समुद्र त्या नकाशावर कुठेच नाही, आणि नदीतला मासेमार आणील तेही भरवशाचं नाही. तो बसून राहिला, वाट पाहत राहिला, आणि शेवटी खिन्न होऊन अन्नपाणी सोडून गेला. आमच्या परसात माडाच्या बुंध्याशी तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग आहे, तू पाहिलायस. आई प्रत्येक वेळी तिथेच टाकते. त्यातली मूठभर त्याला देता आली असती तर, हे मनातून गेलं नाही माझ्या.

तू म्हणशील, एवढा मनस्ताप कशाला? मित्रा, मला यात छळ दिसत नाही. मला दिसतो तो प्रामाणिकपणा. कुठलंही संकट खेळाने वरून आणून टाकलेलं नसतं. २०१५ मधली मांजरांची गोष्ट ऐक. खेळात पेयगृहं आली आणि लोकांच्या गडांवर मांजरं पटापट मरू लागली. कुणाला कळेना. टार्न अ‍ॅडम्सने शोध घेतला तेव्हा निघालं असं: पेयगृहात दारू सांडते, मांजर त्यावरून चालतं, पंजे ओले होतात, मग मांजराच्या स्वभावाप्रमाणे ते अंग चाटून स्वच्छ करतं, आणि पंजावरच्या थेंबाचा हिशेब खेळ अख्ख्या पेल्याएवढा धरत होता. चूक त्या एका आकड्याची. बाकी सगळं, सांडणं, चालणं, चाटणं, मांजराच्या वजनाला किती दारू झेपते ते, जिथल्या तिथे बरोबर. दारू पाजून मांजर मारायचं कुणीच ठरवलं नव्हतं. मोज्याचंही तसंच. म्हणून गड बुडाला तरी मला तो फसवला गेल्यासारखा वाटत नाही. मागे जाऊन एकेक दुवा बघता येतो.

आणि पाण्याचं म्हणशील, तर आपण दोघं खाणपट्ट्यात वाढलो. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की पंप लावून उपसा करावा लागतो, आणि उपसा लागला की शेजारच्या वाड्यावरच्या विहिरी उतरतात, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. घराघरांत त्याची किती चर्चा झाली, पण ती सगळी ट्रकांची नि पगारांची. खड्ड्यांत साठलेल्या पाण्याविषयी बोलणारे थोडे. दाब, पातळी, पाणी कुठून कुठे वाट काढील, हा विचार मी मन लावून पहिल्यांदा केला तो या बुटक्यांसाठी, हे तुला मोकळेपणी सांगतो.

त्यातूनच नव्या गडाचा आराखडा निघालाय, आणि तो चोडणच्या फेरीत सुचला. तिथल्या खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, मानस, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, बघत उभा होतो. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने लाकडी दारं आपोआप उघडतात, भरती आली की नदीचं खारं पाणीच ती ढकलून मिटवतं. रात्री-अपरात्री कुणी दांडा ओढायला लागत नाही. गावकऱ्यांनी बांध जपायचे, दारं डागडुजी करून ठेवायची, बाकी काम पाणी स्वतः करतं. आणि नेमकी हीच सोय खेळात आहे! हौदाच्या तळाशी दाबाची फरशी बसवायची आणि तिला सांगायचं: पाणी ० ते ३ असेल तेव्हाच चालू. ती झडपेला जोडायची. पाणी उतरलं की झडप उघडते, चढलं की मिटते. मोकळा बुटका शोधत बसायला नको.

एवढ्यावर मी थांबलो नाही, कारण झडप उशिरा मिटते हे आहेच. पाटात एका जागी वाट तिरकी काढली आहे, म्हणजे दोन चौकोन फक्त कोपऱ्याला कोपरा लावून. तिरक्या वाटेने पाणी जातं पण दाब जात नाही. त्यामुळे पुढे हौद फक्त स्वतःच्या पातळीपर्यंत भरेल, विहिरीतून वर उसळणार नाही. रुग्णालय आता वरच्या मजल्यावर आहे, दारापाशी काही पडलं की उचलायला माणूस नेमलाय, आणि तुझ्या नावाचा बुटका जुन्या गडावरून इथे आणता आला नाही, पण नव्या सातांतल्या एकाला पुन्हा तेच नाव दिलंय.

अडलंय ते एका ठिकाणी, आणि तिथे तू हवास. जादा पाणी सोडायचं कुठे? एक वाट म्हणजे नकाशाच्या कडेपर्यंत चर न्यायचा, कडेच्या दगडाला झरोके कोरायचे. पाणी तिथून बाहेर निघून जातं. सुरक्षित, पण खणकाम फार. दुसरी वाट म्हणजे खालच्या गुहांत सोडणं. अंतर कमी, पण गुहा उघडली की तिथली जनावरं त्याच वाटेने वर येऊ शकतात. माझं मन कडेच्या चराकडे आहे. तू रोज असले निचरे बघतोस, तुला काय वाटतं? पाट, हौद आणि चर यांची आकृती वहीत काढून तिचा फोटो पाठवतोय. चराला उतार द्यायचा की एका पातळीत ठेवायचा, तेवढं पेन्सिलीने खूण करून परत पाठव.

चवथीला येतोयस ना? आईने विचारलंय. येताना लॅपटॉप आण, आरती-जेवणं आटोपली की रात्री बसू. तोवर मी झडप उघडत नाही.

तुझाच,
डिचोलीकर