चित्राखाली साल आणि गावाचे नाव हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत उत्तर आफ्रिकेतील अरब आणि बर्बर (अरबांच्या आधीपासून तेथे राहणारे लोक) समाजाच्या फ्रेंच वसाहतकालीन दैनंदिन जीवनावर सचित्र लेख प्रसिद्ध झाला, त्याबद्दल प्रथम आभार मानते. अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मोरोक्को हे देश मराठी वृत्तपत्रांत बहुधा फुटबॉल किंवा दंगलीच्या निमित्तानेच येतात, म्हणून या लेखाचे मोल मला अधिक वाटते. मात्र त्यातील चित्रांखाली 'शतकानुशतके न बदललेले जीवन' अशा अर्थाच्या ज्या ओळी छापल्या आहेत, त्यांवर मला आक्षेप नोंदवायचा आहे. ही चित्रे त्या काळच्या फ्रेंच पोस्टकार्डांच्या धर्तीची आहेत. अशी कार्डे 'दृश्ये आणि नमुने' या शीर्षकाच्या मालिकांतून प्रामुख्याने 1900 ते 1930 या काळात हजारोंनी छापली जात. विकत घेणारे असत सैनिक, वसाहतवाले आणि प्रवासी. आणि चित्रातील 'अरब स्त्री' पुष्कळदा छायाचित्रकाराच्या स्टुडिओत पैसे देऊन बसवलेली असे. चित्र छापावे, पण त्याखाली साल, गाव आणि ते कोणी कोणासाठी काढले, हे शक्य तेथे अवश्य द्यावे. तसे न केल्यास काय दृष्टीआड होते, ते थोडे विस्ताराने मांडते.

लेखातील आठवडी बाजाराचेच चित्र घेऊ. अल्जीरिया आणि मोरोक्कोच्या ग्रामीण भागात बाजाराच्या वारावरूनच गावे ओळखली जातात, जशी आपल्या नागपुरात इतवारी, बुधवारी आणि शुक्रवारी आहे. धान्य, लोकर, तेल आणि गुरे यांची खरेदी-विक्री तेथे होई. शिवाय भांडणे मिटत, सोयरिकी ठरत आणि दूरच्या बातम्या कळत. अल्जीरियातील काबिलियाच्या, म्हणजे काबिल या बर्बर लोकांच्या, डोंगरात आइथ इराथेन टोळीचा बुधवारचा बाजार जेथे भरे, तेथेच 1857 साली फ्रेंच सेनेने किल्ला बांधला आणि त्याला नेपोलियनचे नाव दिले. पुढे नेपोलियन तिसऱ्याचे साम्राज्य कोसळल्यावर तोच 'फोर्ट नॅशनल' झाला. स्वातंत्र्यानंतर त्या गावाने बुधवारचे जुने नाव परत घेतले. सीताबर्डीच्या टेकडीवरचा इंग्रजांचा किल्ला रोज पाहणाऱ्या आपल्या वाचकांना बाजारावर रोखलेल्या तोफांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. चित्रात दिसणारा शेतकरी त्या बाजाराला निघाला, तर अनेक वर्षे त्याला आपल्या वस्तीबाहेर पडण्यासाठी लेखी परवाना बाळगावा लागत असे, ही गोष्ट चित्रात कोठेच दिसत नाही.

हा परवाना 'देशी लोकांसाठीच्या संहिते'चा भाग होता. 1881 च्या कायद्याने तिला अल्जीरियात निश्चित रूप आले. परवान्याशिवाय प्रवास करणे, फ्रेंच अधिकाऱ्याशी अनादराने बोलणे, कर भरण्यास विलंब लावणे, अनुमतीशिवाय यात्रेसाठी जमणे, शाळा उघडणे, अशा कृत्यांसाठी न्यायालयात न नेता प्रशासक स्वतःच पाच दिवसांपर्यंत कैद आणि पंधरा फ्रँकपर्यंत दंड करू शकत असे. ही कृत्ये केवळ मुस्लिम प्रजेसाठी गुन्हा होती. वसाहतवाल्या युरोपीयांना ती लागू नव्हती. प्रवासाच्या परवान्याची अट पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर उठली, पण संहितेचा शेवट 1944 पर्यंत झाला नाही. आपल्याकडे 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढे पारध्यांसारख्या जमाती हजेरी व परवान्याच्या जाचात अडकल्या. विदर्भातील ज्या कुटुंबांनी तो जाच सोसला, त्यांचे वंशज आज आपले वाचक आहेत. अल्जीरियातील शेतकऱ्याची अवस्था त्यांच्याइतकी नेमकी दुसऱ्या कोणाला कळणार, असे मला वाटते.

त्याच 1871 साली काबिलियात मोक्रानी या सरदाराच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला. तो मोडल्यावर सुमारे 3 कोटी 60 लाख फ्रँक सामूहिक दंड बसवण्यात आला आणि सुमारे साडेचार लाख हेक्टर जमीन जप्त झाली. अनेकांना थेट पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर हद्दपार करण्यात आले. दंड भरण्यासाठी घराघरांतून गुरे, जमिनी आणि बायकांच्या अंगावरची चांदी विकली गेली. यानंतर 1873 चा वार्निये कायदा आला. वडिलोपार्जित जमीन अनेक भाऊबंदांत सामाईक असे, आणि एकाने आपला लहानसा हिस्सा बाहेरच्या सटोडियाला विकला, की तो न्यायालयात वाटणी मागून संपूर्ण जमिनीचा लिलाव घडवून आणू शके. खर्चातच उरलेल्यांचा हिस्सा संपे. तलवारीने गेली नसती अशी किती जमीन या कागदांनी गेली, याचा विचार सावकारी आणि कोर्टकचेरी पाहिलेल्या वऱ्हाडातील वाचकाने अवश्य करावा. जमीन गेलेला माणूस मग तेथेच मजूर झाला, किंवा उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्यावर राबणारा 'खम्मास'. खम्मास पूर्वीही होते. आता त्यांत कालचे जमीनमालक येऊन मिळाले. फ्रान्समधील द्राक्षबागा किडीने नष्ट झाल्यावर अल्जीरियाच्या मैदानांत दारूसाठी द्राक्षे लावण्यात आली आणि 1930 च्या दशकात ती सुमारे चार लाख हेक्टरांवर पोचली. जे लोक धर्माने दारू वर्ज्य मानीत, तेच तिची द्राक्षे तोडीत होते.

धान्याविषयी लेखात काहीच नाही, हे मला विशेष खटकले. अरब शेतकरी जमिनीखालच्या पेवांत धान्य साठवीत आणि काबिल घरांत मातीच्या उंच कणग्या असत; दुष्काळाविरुद्ध तोच आधार होता. परंतु कर रोखीने भरायचे, तर पीक हाती येताच विकावे लागे. 1866 ते 1868 या वर्षांत टोळधाड, अवर्षण, कॉलरा आणि टायफस एकापाठोपाठ आले, तेव्हा अनेक ठिकाणची पेवे रिकामी होती आणि लाखो माणसे मेली.

नावांचेही तसेच झाले. व्यक्तीचे नाव, बापाचे नाव, आज्याचे नाव आणि टोळी, एवढ्यावर ज्यांची ओळख पुरत होती, त्यांना 1882 च्या कायद्याने कायमचे आडनाव घेणे भाग पडले. कारकुनाने लिहिले ते आडनाव झाले. काहींच्या वाट्याला टिंगलीचे शब्द आले, आणि एकाच घराण्याच्या शाखा वेगवेगळ्या आडनावांखाली विखुरल्या.

अरब आणि बर्बर हे दोन स्वतंत्र, परस्परविरोधी समाज होते, हा लेखातील सूरही तपासून घ्यावा. त्यांच्या भाषा भिन्न होत्या, रूढी काही अंशी भिन्न होत्या, काबिल गावाची ग्रामसभा आपले नियम स्वतः करीत असे, हे खरेच आहे. परंतु धर्म, बाजार आणि व्यवहार यांनी हे लोक गुंफलेले होते, आणि त्यांच्यातील भेद वाढवून दाखवणे हे राज्यकर्त्यांचे धोरण होते. 16 मे 1930 रोजी मोरोक्कोत निघालेल्या फर्मानाने बर्बर भागांसाठी रूढीवर चालणारी वेगळी न्यायालये ठरवली, तेव्हा साले आणि फेझ या शहरांतील मशिदींत लोकांनी संकटकाळची प्रार्थना म्हणून निषेध केला आणि तेथील राष्ट्रीय चळवळीला त्यातून बळ मिळाले. त्याच वर्षीच्या जुलैत पुसदला लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला. वनकायद्यांचा जाच अल्जीरियातही होता. 1874 पासून जंगलास आग लागली तर आसपासच्या संपूर्ण टोळीला दंड करता येत असे.

या सगळ्यात जगणे थांबले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. काबिल स्त्रिया हिवाळ्यात ऑलिव्ह वेचीत, अंजिरे वाळवीत, हाताने मडकी घडवीत, घराच्या भिंती रंगवीत, आणि पाणवठ्यावर त्यांची स्वतःची सभा भरे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांचे पुरुष मार्सेय येथील कारखान्यांत आणि उत्तर फ्रान्सच्या खाणींत जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात अल्जीरियातून सुमारे 1,73,000 मुस्लिम सैनिक फ्रान्ससाठी उभे करण्यात आले. घरी मनीऑर्डर येऊ लागली आणि शेत, जनावरे व सासरमाहेर यांचा भार बाईवर आला. शाळा मात्र दूरच राहिली: 1914 च्या सुमारास शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम पाच टक्के फ्रेंच शाळांत होती, आणि मुली तर त्यांत नावापुरत्या.

पुरवणीत या विषयावर पुढचा लेख येणार असेल, तर तो या स्त्रियांच्या श्रमांवर किंवा शाळेपासून वंचित राहिलेल्या त्या मुलांवर लिहवून घ्यावा, आणि त्यासाठी अल्जीरिया व मोरोक्को येथील अभ्यासकांचे लेखनही भाषांतरित करून घ्यावे, अशी माझी आपणास आग्रहाची विनंती आहे.

आपली,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका,
धंतोली, नागपूर