फावेला म्हणजे ‘गलिच्छ वस्ती’ नव्हे

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत रिओ दि जानेरोवरचा लेख वाचला, छान होता, पण ब्राझीलच्या शहरांतल्या गरिबांच्या वस्त्यांना म्हणतात त्या फावेला या शब्दापुढे कंसात ‘गलिच्छ वस्ती’ छापलंय ते खटकलं, म्हणून लिहितोय. फावेला हे मुळात एका काटेरी झाडाचं नाव आहे हो! ब्राझीलच्या बाहिया राज्यात कोरड्या माळावर उगवतं, हात लागला की खाजकोलतीसारखी आग होते, पण बियांचं तेल खाता येतं. तिथे कानुदोस गावाजवळच्या एका टेकडीला या झाडावरनं नाव पडलेलं, आणि 1897 ला सरकारी फौजेने कानुदोस बेचिराख केलं तेव्हा तिचा तळ त्याच टेकडीवर होता. पुढे हेच सैनिक रिओला आले, घरं देतो म्हणालेले ती काय मिळेनात, मग बंदराजवळच्या प्रोव्हिदेन्सिया टेकडीवर त्यांनी स्वतःच खोपटी उभारली न् तिला मोरो दा फावेला, म्हणजे फावेलाची टेकडी, म्हणायला लागले. म्हणजे सरकारने शब्द पाळला नाही तिथनं या शब्दाची गोष्ट सुरू होते, घाण कुठे आली यात?

तिथले लोक आपल्या भागाला ‘मोरो’ म्हणजे टेकडी किंवा ‘कोमुनिदादे’ म्हणतात, आणि खालच्या पैसेवाल्यांच्या शहराला ‘आस्फाल्तो’, म्हणजे डांबर :) जनगणनावाले मात्र बरीच वर्षं ‘सबनॉर्मल पुंजके’ असलं काहीतरी लिहायचे, ते 2024 मध्ये बदलून परत फावेला केलं. 2022 च्या मोजणीत फावेलांत राहणारे 1 कोटी 64 लाख लोक निघाले.

आपलं झोपडपट्टी तरी काय, झोपड्या आणि पट्टी, नाल्याकडेला नाहीतर रुळाकडेला लांबट जागा मिळेल तशी. ‘गलिच्छ’ हे कागदावरचं. मी पुण्यात टेकडीच्या उतारावर वाढलो, आम्ही वस्तीच म्हणायचो. सहावीत असताना एका फॉर्मवर क्लार्कने पत्त्यापुढे ‘ग. व.’ लिहिलं, मी घरी येऊन विचारलं तर आई काही बोलली नाही, सकाळी उंबऱ्यापुढे जेमतेम दोन फूट जागा असायची तिथेही ती सडा टाकून रांगोळी काढायची, दुसऱ्या दिवशी जरा मोठीच काढली.

तर पुढच्या वेळी फावेला तसंच ठेवा, कंस हवाच असेल तर ‘वस्ती’ लिहा.

आपला एक जुना वाचक, पुणे