जुन्या गाडीला सावली पाहिजे अन् गोडं पाणी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी असा लेख आला होता. मी तो दोनदा वाचला, एकदा चष्म्याशिवाय अन् एकदा चष्मा लावून, अन् दोन्ही वेळा वाटलं की हे काही आपल्यासाठी लिहिलेलं नाही. गाडी बेसमेंटमध्ये लावा म्हणे, एसीचा गॅस चेक करा, सर्व्हिस सेंटरला जाऊन कूलंट बदलून घ्या. राजेहो, आमच्या गावात बेसमेंट म्हणजे विहीर! अन् माझी गाडी मारुती ८००, १९९८ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल अन् हवा मिसळायची जुनी पद्धत), बिनएसीची. एकदा अमरावतीला एका सर्व्हिस सेंटरमध्ये नेली होती तर तिथला पोरगा बोनेट उघडून म्हणे काका, ही तर माझ्यापेक्षा मोठी आहे, अन् बोनेट लावून मोकळा झाला.

तर म्हटलं आपणच लिहावं, कारण आमच्या भागात अशा गाड्या काही कमी नाहीत. ८००, ओम्नी, जुन्या इंडिका, शोधायला जावं लागत नाही. मारुती ८०० बंद होऊन (२०१४) इतकी वर्षं झाली तरी तिचे पार्ट मिळतात, कारण तेच ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन ओम्नीत होतं अन् ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. म्हणजे पार्टचं दुखणं नाही. दुखणं वेगळंच आहे अन् ते त्या लेखात एका ओळीनंही आलं नाही.

मी दर्यापूर तालुक्यातला, म्हणजे खारपाणपट्ट्यातला. पूर्णा नदीच्या आजूबाजूला अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा आहे, ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, इथं विहीर खोदा की बोअर मारा, पाणी लागतं पण ते खारं, माणसाला चालत नाही अन् पिकालाही चालत नाही. आता जे पाणी गायसुद्धा नाक मुरडून पिते ते मी गाडी घेतल्यावर पहिली तीन-चार वर्षं रेडिएटरमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या जाळीत, ओतत होतो. कोणी सांगितलंच नाही ना. गाडीला काय, पाणी ते पाणी, असंच वाटायचं. मग एका उन्हाळ्यात इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला. आधी चढावर, मग सपाट रस्त्यावर, मग नुसती उभी असली तरी. मिस्त्रीनं रेडिएटर खोलून टाकी वेगळी केली अन् मला बोलावून दाखवलं, आत पांढरा थर, गिझरच्या कॉइलवर बसतो तस्सा, काही नळ्या तर पूर्ण बुजलेल्या. त्यानं सळई घालून एक एक नळी मोकळी केली अन् म्हणाला, भाऊ तुमच्या गाडीला मूतखडा झाला होता.

हसायला येतं पण गोष्ट तीच आहे. पाणी तापलं की त्यातले क्षार बाहेर पडून धातूला चिकटतात, तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, मग पाणी अजून तापतं अन् अजून थर बसतो. वरून मिठानं धातू सडतो ते वेगळंच. तेव्हापासून मी ठरवलं, गाडीत विहिरीचा एक थेंब नाही. पावसाळ्यात टिनावरून पडणारं पाणी ड्रममध्ये धरतो (पहिले दोन-तीन पाऊस सोडून, त्यात धूळ अन् कबुतराचं सगळं असतं), कपड्यातून गाळतो, अन् कॅन भरून ठेवतो. ते संपलं की बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणतो. त्यात कूलंट मिसळतो निम्मं. पुष्कळांना वाटतं कूलंट म्हणजे थंड प्रदेशातला माल, बर्फ होऊ नये म्हणून. तसं नाही, त्यानं पाणी उकळायलाही उशीर लागतो अन् आतला गंजही थांबतो. घरचे म्हणतात आम्हाला प्यायला आरओची कॅन विकत अन् हिला पावसाचं पाणी, हिचेच लाड जास्त. असू द्या.

अजून एक, रेडिएटरचं झाकण. हे झाकण म्हणजे कुकरची शिट्टी समजा. उघड्या भांड्यात पाणी १०० डिग्रीला उकळतं पण हे झाकण आत दाब धरून ठेवतं म्हणून १२० च्या आसपास जाईपर्यंत पाणी उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं, की दाब राहत नाही अन् मग बाकी सगळं नवीन असलं तरी गाडी उकळते. शे-दीडशेची वस्तू, पण माणसं पंखा बदलतात, वॉटर पंप बदलतात अन् झाकणाकडे पाहतसुद्धा नाहीत. मी स्वतः त्यातलाच होतो.

तीन वर्षांआधीची गोष्ट सांगतो. मे महिना, अकोटकडे भाच्याचं लग्न, गाडीत आम्ही पाच जण अन् मागे रुखवताची डबी-खोकी. दुपारी बाराला निघालो, निघायलाच नको होतं पण लग्नघरी कोण ऐकतो. पेपरात त्या दिवशी ४५ होतं. आता हे ४५ वेधशाळा पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत मोजते, डांबराला काही कोणी पेटीत ठेवलेलं नाही, तिथं किती असेल ते चपलेला विचारा. (२०२४ च्या मे महिन्यात नागपुरात ५६ डिग्रीची बातमी आली होती आठवते का, मग म्हणे मशीनचा सेन्सर बिघडला होता. आमच्या गावात तर लोकांनी ती बिनशर्त खरी मानली होती, अजूनही मानतात.)

तर अर्ध्या रस्त्यात काटा वर जायला लागला. मी हीटर पूर्ण चालू केला, ब्लोअर फुल. साळी ओरडली, भाऊजी डोकं फिरलं काय तुमचं? पण ते बरोबर आहे, हीटरमध्येही एक लहान रेडिएटरच असतो, इंजिनची उष्णता तो गाडीत सोडतो, काचा उघड्या ठेवायच्या अन् सोसायचं. आतमध्ये पाणी असेल तोवरच याचा उपयोग, पाणीच निघून गेलं असेल तर नुसती शिक्षा. पाच-सहा किलोमीटर तसेच गेलो, सगळ्यांचे चेहरे वांग्याच्या भरतासारखे झाले, अन् काटा काही खाली येईना, मग बोनेटातून वाफ. आता थांबणंच आलं. अन् थांबायचं कुठं?

साहेब, माझं सगळं पत्र या एका प्रश्नासाठी आहे. थांबायचं कुठं? आधी त्या वळणावर म्हसोबाजवळ कडुनिंबाची दोन जुनी झाडं होती, पुढं बाभळींची रांग, त्याच्या पुढं चिंच. बंडीवाले थांबायचे, एसटीची वाट पाहणारे थांबायचे, आम्ही गाडी उभी करून बोनेट उघडून अर्धा घंटा बसायचो, बाजूला पाणपोईचा रांजण असायचा. रस्ता रुंद झाला, चांगलाच झाला, कोणी नाही म्हणत नाही, पण झाडं गेली अन् त्यासोबत रांजणही गेला. त्या दिवशी दोन्हीकडे नांगरलेली वावरं अन् मधात आम्ही, सावली म्हणावी तर गाडीखाली तेवढी. साळीच्या कडेवर दीड वर्षाचं लेकरू. दुपट्टा भिजवून त्याच्या डोक्यावर टाकला, मग पाणी तिथंच संपलं. घाईत मी नको ते केलं, गरम रेडिएटरचं झाकण कपड्यानं धरून फिरवलं. उकळतं पाणी मनगटावर, डाग अजून आहे. अन् दुसरी चूक, मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याकडून थंड पाणी घेऊन तापलेल्या इंजिनात तसंच ओतलं. इंजिनचं वरचं हेड वाकलं, त्याखालचं गॅस्केट गेलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं ऑइलची काडी काढून दाखवली तर ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. साडेसात हजार. अर्धा घंटा सावलीत बसलो असतो तर मनगटही वाचलं असतं अन् साडेसात हजारही.

झाकण मग बदललं, खरा दोष त्याचाच होता.

दुसरा त्रास या कार्बोरेटरवाल्या गाड्यांचा, तो म्हणजे दुपारी बाजारात गाडी बंद केली अन् दहा मिनिटांनी सुरू करायला गेलो की नुसतीच गुरगुरते. लोक बॅटरीला शिव्या देतात. बॅटरी चांगली असते, होतं काय की पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटलेला, तापल्यानं पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते अन् पंप वाफ ओढत बसतो. मिस्त्री म्हणतात पेट्रोलनं हवा धरली, शिकलेले व्हेपर लॉक म्हणतात. ओलं फडकं पंपावर अन् पाइपावर टाकायचं, बोनेट उघडं ठेवायचं, दहा-पंधरा मिनिटांत चालू होते. पण इथंही पुन्हा पाणी अन् सावली! अन् आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आहे तर जुन्या गाडीचे रबरी पाइप दर उन्हाळ्याआधी दाबून पाहत जा, चिकट किंवा भेगाळलेला दिसला की बदला, वाट पाहू नका.

घरी गाडीसाठी मी तुराट्यांचा मांडव केलाय, वरून पऱ्हाट्या टाकल्या, दुपारी एकदा त्यावर पाणी मारतो, विहिरीचं, त्यासाठी ते चालतं. खर्च काहीच नाही. स्टिअरिंगला हात लावता येतो एवढं पुष्कळ.

काही जण म्हणतात भंगारात द्या. दिल्लीत १५ वर्षांची पेट्रोल गाडी बंद, आपल्याकडेही बंद, असं छातीठोक सांगणारेही भेटतात. तो नियम दिल्ली अन् आजूबाजूच्या पट्ट्यापुरता आहे, आपल्याकडे १५ वर्षांनंतर फिटनेस करून दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. २०२३ ला मी ५००० भरले, आता २० वर्षांवरच्या कारची फी १०,००० झाली, म्हणजे २०२८ ला तेवढे लागतील, अन् त्यावर पर्यावरण कर वेगळा. नंबर प्लेट पण नवीन लावून घेतली. हे सगळं मी भरतो, कुरकुरत का होईना. काहून की शकुंतला रेल्वे बंद पडली, एसटी दिवसातून दोनदा, अन् रात्री दोन वाजता कोणाच्या घरी बाळंतीण अडली की दरवाजा माझा वाजतो. नवीन गाडीचा हप्ता सोयाबीन अन् कपाशीच्या भावात बसत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण पर्यावरण कर माझ्याकडून घेता तर पर्यावरणाचं एक झाड त्या रस्त्यावर दिसू द्या ना. अमरावती ते अकोला दरम्यान २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं, गिनीज बुकात नाव गेलं, आम्हालाही अभिमान वाटला, मी पोरांना घेऊन पाहायला गेलो होतो. डांबर साडेचार दिवसात होतं. कडुनिंबाला बंडी उभी राहील एवढी सावली यायला पंधरा वर्षं लागतात, म्हणून तो आधी लावावा लागतो. आमच्या अकोटकडच्या रस्त्यावर रोपं लावल्याचा बोर्ड आहे, ट्री गार्डही आहेत, त्यात रोप नाही, काही ठिकाणी तर गार्डही नाही, नुसता खड्डा.

तुमच्या वार्ताहराला एकदा दुपारी बाराला या रस्त्यावर पाठवा, कारनं नको, मोटरसायकलनं. त्यानं फक्त मोजायचं, किती खड्डे, किती गार्ड, किती जिवंत रोपं. अन् संबंधित साहेबांना विचारायचं की टेंडरमध्ये झाडं किती होती अन् त्यांना पाणी घालायचं काम कोणाचं. दर पाच-सात किलोमीटरला एक पत्र्याचं शेड अन् गोड्या पाण्याची टाकी ठेवता येते का तेही विचारा, आमची ग्रामपंचायत टाकी भरायला तयार आहे, सरपंचाला मी विचारून ठेवलंय.

म्हसोबाच्या वळणावर मी मागच्या पावसाळ्यात कडुनिंबाची पाच रोपं लावली. तीन रोपं शेळ्यांनी खाल्ली. दोघांना बोरीच्या काट्यांचं कुंपण केलंय, येता-जाता गाडीतल्या कॅनमधलं थोडं पाणी टाकतो. एक गुडघ्याएवढं झालंय.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती

ता.क. : त्या लेखात टायरबद्दल मात्र बरोबर लिहिलं होतं. उन्हाळा आहे म्हणून हवा कमी करू नका, सकाळी टायर थंड असताना मोजून बरोबर तेवढी भरा, कमी हवेचं टायर जास्त तापतं अन् तेच फुटतं. आमच्या इथं सगळे उलटं करतात.