बाबांच्या फुटबॉलची इथली सोय

एडिसन, न्यू जर्सी
एप्रिल २०२६

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलेत की इकडे आल्यावर फुटबॉल पाहायला सगळ्यांत चांगली वाहिनी कोणती, आणि ती तुम्ही येण्याआधीच घेऊन ठेवता येईल का. सगळा फुटबॉल दाखवणारी एक वाहिनी या देशात नाही. प्रत्येक स्पर्धेचे हक्क वेगळ्या कंपनीकडे आहेत आणि त्यातले निम्मे सामने दूरचित्रवाणीवर न येता मासिक वर्गणीच्या ॲपवर येतात. सगळेच घ्यायचे ठरवले तर दर महिन्याला उगाचच मोठे बिल भरावे लागेल. म्हणून आधी तुम्ही खरोखर काय पाहणार आहात ते धरून विचार केला, आणि तो असा आहे.

तुम्ही मे महिन्याच्या अखेरीस पोहोचाल आणि ११ जूनला विश्वचषक सुरू होईल. या वेळी ४८ संघ आणि १०४ सामने आहेत. इंग्रजी समालोचनासह ते सगळे फॉक्सकडे आहेत, पण त्यात एक मेख आहे. १०४ पैकी ७० सामने मुख्य फॉक्स वाहिनीवर आहेत, जी साध्या अँटेनावर फुकट दिसते, आणि उरलेले ३४ एफएस१ या क्रीडावाहिनीवर आहेत, जिच्यासाठी केबल किंवा तत्सम वर्गणी लागते. स्पॅनिश प्रक्षेपणाचे हक्क टेलिमुंडोकडे आहेत. तिथे ९२ सामने टेलिमुंडोवर आणि १२ तिच्याच युनिव्हर्सो या भावंड वाहिनीवर दाखवले जाणार आहेत. टेलिमुंडोही अँटेनावर फुकट दिसते. म्हणजे भाषेचा आग्रह सोडला तर एक पैसा न भरता फॉक्सपेक्षा जास्त सामने पाहायला मिळतात. युनिव्हर्सोवरचे सामने पीकॉक या ॲपवर स्पॅनिशमध्येच मिळतील, आणि ते ॲप पुढे ऑगस्टमध्ये आपल्याला लागणारच आहे.

स्पॅनिश कळत नाही म्हणून तुम्ही नाक मुरडाल हे मला ठाऊक आहे, तरी माझे ऐका. फॉक्सवरचे समालोचन व्यवस्थित असते, पण ते बरेचदा फुटबॉल नव्याने पाहणाऱ्या अमेरिकी प्रेक्षकाला समजावत चालते, आणि ज्याने कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचे सामने पायऱ्यांवर उभे राहून पाहिले आहेत त्याला त्यातले निम्मे शिक्षण नको असते. टेलिमुंडोवर मात्र चेंडू मैदानाच्या मध्यावर असतानाच आवाज चढू लागतो. तिथले आंद्रेस कांतोर हे समालोचक गोल झाला की तो एकच शब्द दम संपेपर्यंत लांबवतात, आणि तेवढे कळायला व्याकरण लागत नाही. आई, हे कांतोर मूळचे ब्युनोस आयर्सचे आहेत, म्हणजे घरात अर्जेंटिनाच्या बाजूने तू आता एकटी असणार नाहीस.

अँटेना मी आणून ठेवला आहे. तो पातळ पत्र्यासारखा असतो आणि खिडकीच्या काचेला चिकटवायचा असतो. आपल्या भागातल्या मोठ्या वाहिन्यांचे प्रक्षेपण बहुतांशी मॅनहॅटनमधल्या उंच इमारतींच्या माथ्यावरून होते, म्हणून तो त्या दिशेच्या, म्हणजे तुमच्या खोलीतल्या खिडकीला लावला आहे. २ वर सीबीएस, ४ वर एनबीसी, ५ वर फॉक्स, ४१ वर युनिव्हिजन आणि ४७ वर टेलिमुंडो, एवढे आकडे लक्षात ठेवलेत तरी मी कामावर असताना तुमचे अडणार नाही.

वेळांचे म्हणाल तर तुमची जागरणे संपली. उद्घाटनाचा मेक्सिको सिटीतला सामना इथल्या दुपारी ३ वाजता आहे, जेव्हा कोल्हापुरात मध्यरात्र उलटून गेलेली असेल. ब्राझीलचा मोरोक्कोविरुद्धचा पहिला सामना १३ जूनला संध्याकाळी ६ वाजता आहे आणि तो आपल्या घरापासून फार लांब नसलेल्या ईस्ट रदरफोर्डच्या मैदानावर आहे, जिथे १९ जुलैला अंतिम सामनाही होईल. अर्जेंटिनाचा पहिला सामना १६ जूनला रात्री ९ वाजता आहे, तेव्हा जागायचे असेल तर आईला जागावे लागेल. या वेळी प्रत्येक अर्ध्यात पाणी पिण्यासाठी तीन मिनिटांचा थांबा ठेवला आहे. खेळाडूंच्या आरोग्याचे कारण खरे असेलही, पण ४५ मिनिटे सलग चालणाऱ्या खेळात जाहिरातीला जागा मिळत नाही हे इथल्या वाहिन्यांचे जुने दुखणे होते, तेही त्यात आपोआप बरे झाले आहे.

विश्वचषक संपल्यावर थोडा काळ शांतता राहील आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू होईल. ती २०१३ पासून एनबीसीकडे आहे आणि सध्याचा करार २०२८ पर्यंतचा आहे. थोडे सामने एनबीसीवर फुकट, काही यूएसए नेटवर्कवर आणि बरेचसे पीकॉकवर अशी वाटणी असते, म्हणून तेव्हा पीकॉक चालू ठेवू. शनिवारी सकाळी साडेसात, दहा आणि दुपारी साडेबारा असे ओळीने सामने असतात. त्यांतले दहाचे सामने खुद्द इंग्लंडमध्ये घरबसल्या पाहता येत नाहीत, कारण इथले सकाळचे दहा म्हणजे तिथले दुपारचे तीन, आणि तिथे शनिवारी त्या वेळच्या सामन्यांच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आहे. लोकांनी मैदानावर जावे, हा त्यामागचा हेतू. आपण मात्र पोहे खात ते पाहू.

चॅम्पियन्स लीग सप्टेंबरपासून मंगळवारी आणि बुधवारी दुपारी असते. ती सीबीएसकडे आहे, पण जवळजवळ सगळे सामने त्यांच्या पॅरामाउंट प्लस या ॲपवर असतात. त्यासाठी वर्गणी भरणे मला योग्य वाटते, कारण सामन्याआधीच्या आणि नंतरच्या चर्चेत केट स्कॉट (पूर्वीच्या केट अब्दो), तिएरी आन्री, मायका रिचर्ड्स आणि जेमी कॅरागर असतात आणि ते एकमेकांची जी खेचतात ती पाहण्यासारखी असते. इटलीच्या लीगचे बरेच सामनेही त्याच ॲपवर येतात. स्पेनची लीग ईएसपीएनकडे आहे. ती तिसरी वर्गणी होईल, आणि बार्सिलोना-माद्रिद सामना वगळता तुम्ही ती फारशी पाहत नाही असा माझा अंदाज आहे. फ्रान्सची लीग बीइन वाहिनीवर असते. ती मी विचारातच घेतलेली नाही.

अमेरिकेची स्वतःची लीग २०२३ पासून ॲपल टीव्हीवर आहे. पूर्वी तिचे वेगळे पैसे पडत, या हंगामापासून ती ॲपलच्या साध्या वर्गणीतच धरली आहे. विश्वचषकाच्या काळात ती थांबते आणि जुलैत पुन्हा सुरू होते. दर्जा युरोपसारखा नाही आणि बाबा दुसऱ्या दिवशी त्यावरून बोलतील, पण मायामीकडून मेस्सी खेळतो म्हणून आईसाठी ॲपलची वर्गणी चालू आहे ती तशीच ठेवते.

सप्टेंबरपासून रविवारी दुपारी सीबीएस आणि फॉक्सवर हेल्मेट घातलेला अमेरिकी फुटबॉल असतो, तेव्हा अँटेनावर आपला फुटबॉल शोधत बसू नका. त्या वेळी ४१ लावून पाहा, कारण मेक्सिकोच्या लीगचे काही सामने युनिव्हिजनवर असतात. ती लीग इथे फार मोठ्या संख्येने पाहिली जाते आणि तिच्या सामन्यांना गर्दीही तशीच असते.

आता एवढेच कळवा की स्पेनची लीग हवी आहे का. ईएसपीएनची वर्गणी महिन्यापुरती घेऊन बंद करता येते, त्यामुळे बार्सिलोना-माद्रिद सामना असेल त्याच महिन्यात ती घेऊ असे मला वाटते. बाबांना ते पटत नसेल तर आईमार्फत निरोप पाठवू नये, स्वतः सांगावे.

तुमची लेक