मराठी पत्रकातील चुकीच्या मात्रेमुळे जळालेल्या हिरवळीबाबत तक्रार

दिनांक : १२ मे २०२५
पुणे

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
लॉन बियाणे व खत विक्री

विषय : बर्म्युडा गवताच्या बियाण्यासोबत दिलेल्या मराठी माहितीपत्रकात खताची मात्रा चुकीची छापल्यामुळे झालेले नुकसान आणि त्याचा दोष आमच्या माळ्यावर ढकलल्याबाबत.

महोदय,

आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या मागील बाजूस मुलांच्या खेळण्यासाठी ३,००० चौरस फुटांची मोकळी जागा आहे. तेथे हिरवळ करण्याचे ठरल्यावर आम्ही आपल्याकडून अडीच किलो बर्म्युडा बियाणे आणि २०:२०:०:१३ या श्रेणीच्या (नत्र, स्फुरद, पालाश व गंधक यांचे टक्के) दाणेदार लॉन खताची २५ किलोची तीन पोती घेतली. पावती संस्थेच्या नावे आहे. या खरेदीनंतर जे घडले ते मी सचिव या नात्याने क्रमाने मांडते आहे, कारण आपल्या ग्राहक क्रमांकावर चार वेळा फोन करूनही माझे म्हणणे कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतले नाही.

९ मार्च रोजी पेरणी झाली. जमीन आधी दोनदा खणून, दगडगोटे वेचून, चाळलेले शेणखत मिसळून सपाट केलेली होती. बियाणे फार बारीक असल्यामुळे आमच्या माळीकाकांनी ते कोरड्या वाळूत मिसळले, निम्मे उभ्या आणि निम्मे आडव्या दिशेने फोकले, वरून मातीचा जेमतेम थर दिला आणि रोलर फिरवला. पुढचे पंधरा दिवस दिवसातून तीन वेळा बारीक फवाऱ्याने पाणी दिले गेले. अकराव्या दिवशी कोंब दिसले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकदा वरवर कापणी करण्याइतके गवत वाढले. इथपर्यंत आपल्या मालाबद्दल आमची काहीही तक्रार नव्हती, किंबहुना मी दोन शेजारच्या सोसायट्यांना आपले नाव सुचवले होते.

आपल्या मराठी माहितीपत्रकात पाचव्या आठवड्यात "दर चौ. फूट २५ ग्रॅम" खत द्यावे असे छापले आहे. माळीकाकांनी त्याप्रमाणे हिशेब केला तेव्हा ३,००० चौरस फुटांना ७५ किलो, म्हणजे आणलेली तिन्ही पोती एकाच वेळी टाकावी लागतील, असे निघाले. ते पत्रक घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, हे फार होतंय. एवढं तर उसालाही कोणी एका खेपेला टाकत नाही." मी त्याच दिवशी, म्हणजे १२ एप्रिलला, आपल्या ग्राहक क्रमांकावर विचारणा केली. पलीकडच्या व्यक्तीने मात्रा किती लिहिली आहे हे माझ्याकडून वाचून घेतले आणि "पत्रकाप्रमाणेच करा" असे सांगून फोन ठेवला. पोती घेताना आपल्या विक्री प्रतिनिधीनेही याच हिशेबाने तीन पोती लागतील असे सांगितले होते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव सुकल्यावर माळीकाकांनी खत टाकले, पण मनाला पटत नसल्यामुळे त्यांनी निम्मेच, म्हणजे साडेसदतीस किलो टाकले आणि लगेच तासभर पाणी दिले. १५ एप्रिलला सकाळी मी खाली गेले तेव्हा पात्यांची टोके वाळलेल्या काडीसारखी पिवळट झाली होती आणि हाताने फोकताना खत जसे अर्धवर्तुळात पडते तसे तपकिरी कंसच्या कंस जमिनीवर उमटले होते. काही पात्यांच्या बेचक्यात अजूनही न विरघळलेले दाणे अडकलेले होते. एक रोप उपटून पाहिले, तर पांढऱ्या मुळांचा रंग भिजवलेल्या चहाच्या पावडरीसारखा झाला होता. २० एप्रिलपर्यंत तीन चतुर्थांश हिरवळ गेली.

त्यानंतर मी जे आधी करायला हवे होते ते केले. आपलेच इंग्रजी माहितीपत्रक आणि पोत्याच्या मागील बाजूचा इंग्रजी तक्ता वाचला. दोन्हीकडे मात्रा दर चौरस मीटरला २५ ग्रॅम आहे. एका चौरस मीटरमध्ये पावणेअकरा चौरस फूट बसतात, तेव्हा आमच्या जागेला एका वेळी सुमारे ७ किलो खत पुरेसे होते. एकाच पोत्यात तीन वेळा खत देऊन झाले असते. २० टक्के नत्र असलेले हे खत योग्य मात्रेत टाकले तर चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र मिळते, आणि वाढीच्या दिवसांत या गवताला महिन्याला साधारण तेवढेच लागते. मराठी पत्रकाच्या निम्म्या मात्रेनेसुद्धा आमच्या कोवळ्या रोपांना चौरस मीटरला सुमारे २७ ग्रॅम नत्र मिळाले. पूर्ण मात्रा टाकली असती तर आकडा ५४ च्या घरात गेला असता. केवळ कुतूहलापोटी मी घरातल्या काट्यावर २५ ग्रॅम खत तोलून एक फूट लांबीरुंदीच्या शहाबादी फरशीवर पसरून पाहिले. फरशीवर दाण्यांचा असा सडा पडला की पाच आठवड्यांच्या गवतावर तो टाकण्याची शिफारस कोणी शुद्धीवर असताना करील असे मला वाटत नाही. अर्थात, ती शिफारस कोणा माणसाने केलेली नसून भाषांतर करताना एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसला असावा. मात्र छपाईपूर्वी ते मराठीतून कोणीही वाचून पाहिले नाही, हे उघड आहे.

२२ एप्रिलला आपले प्रतिनिधी पाहणीसाठी आले. त्यांनी संस्थेच्या सहा-सात सभासदांसमोर दोन विधाने केली. पहिले असे की, "बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, ती कशानेही मरत नाही." दुसरे असे की, माळ्याने पाणी कमी दिले म्हणून हिरवळ वाळली.

पहिल्या विधानाबाबत इतकेच म्हणते की, हरळी चिवट आहे हे ज्या घरात शेती आहे त्या कोणालाही शिकवावे लागत नाही. माझ्या सासरच्या शेतात नांगरट झाली की बायका टोपल्या घेऊन हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीखाली पसरणारी खोडे, वेचत आणि तरीही पुढच्या वर्षी हरळी हजर असे. परंतु तिचा तो चिवटपणा जमिनीत खोल गेलेल्या काशांत असतो. बियाण्यापासून उगवून पाच आठवडे झालेल्या रोपाला काशा कुठून असणार? त्याची सगळी मुळे वरच्या दोन-तीन इंचांत, नेमकी जिथे विरघळलेल्या खताचे क्षार साचतात तिथेच असतात. ते क्षार मुळांतलेच पाणी ओढून घेतात आणि ओल्या जमिनीत उभे असलेले रोप तहानेने वाळते. आपल्या प्रतिनिधींना "पाणी कमी पडल्यासारखे" जे दिसले ते यामुळे दिसले.

दुसरे विधान खोटे आहे हे दाखवणारा पुरावा त्याच जागेवर आहे आणि तो मी त्यांना बोटाने दाखवलाही होता. झोपाळ्याजवळची सुमारे सहा फूट रुंद पट्टी त्या दिवशी मुले खेळत असल्यामुळे माळीकाकांनी खताविना सोडली होती. तिला बियाणे तेच, माती तीच, पाणी त्याच फवाऱ्याने आणि तेवढाच वेळ. ती पट्टी आज गुडघे टेकून बसावे इतकी दाट आणि हिरवी आहे. प्रतिनिधींनी तिच्याकडे पाहिले, मोबाइलवर छायाचित्रही घेतले, आणि अहवालात "अपुरे पाणी व्यवस्थापन" असे लिहिले.

या अहवालाची प्रत संस्थेला आल्यावर माळीकाकांनी मला "माझ्या पगारातून कापून घ्या" असे सांगितले. आम्ही अर्थातच तसे केले नाही. परंतु गेली अकरा वर्षे आमच्याकडे काम करणाऱ्या आणि आपल्या पत्रकातील चूक आपल्या आधी ओळखणाऱ्या माणसावर असे बोलण्याची वेळ यावी, ही या सगळ्या प्रकरणातील मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट आहे. निम्मी मात्रा टाकण्याचे शहाणपण त्यांनी दाखवले नसते तर आज उरलेला एक चतुर्थांश भागही उरला नसता.

भरपाई म्हणून आपल्या कार्यालयाने बियाण्याचे एक नवे पाकीट मोफत देऊ केले आहे. ते आम्ही स्वीकारत नाही, आणि त्याचे कारण त्या पाकिटावरच छापलेले आहे. त्यावर "टिफवे ४१९ संकरित बियाणे" असे लिहिले आहे. टिफवे ही जात अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथील संशोधन केंद्रातून १९६० मध्ये प्रसारित झाली. हरळी आणि तिची आफ्रिकेतील एक चुलत जात यांचा तो संकर असून तो वांझ आहे. त्याला उगवणारे बी धरत नाही, म्हणूनच ती जात जगभर काड्या, तुकडे किंवा तयार गालिचे लावून वाढवतात. मग आपल्या पाकिटात नेमके काय आहे? आमच्या जागेत जे उगवले ते साधे बर्म्युडा असावे आणि मुलांच्या खेळण्यासाठी ते पुरेसे आहे, परंतु साध्याचे नाव साधे लिहावे आणि किंमतही साध्याची घ्यावी.

जमीन वाचवण्यासाठी आम्ही खत टाकल्याच्या तिसऱ्या दिवसापासून सलग पाणी देऊन क्षार खाली उतरवण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी, एप्रिलच्या टंचाईत, चार टँकर विकत घ्यावे लागले. पिण्याच्या पाण्यासाठी वाट पाहणाऱ्या शेजाऱ्यांसमोर गवतावर टँकर रिकामा करताना काय वाटते, हे आपल्याला पत्रातून सांगणे कठीण आहे.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. सर्वप्रथम, २२ एप्रिलचा अहवाल मागे घेऊन, नुकसान मराठी पत्रकातील चुकीच्या मात्रेमुळे झाले आणि त्यात माळ्याचा दोष नाही, असे कंपनीच्या सहीशिक्क्यानिशी लेखी द्यावे. ते आम्ही संस्थेच्या सूचना फलकावर लावणार आहोत. त्यासोबतच बियाण्याचे ४,५०० रुपये, खताचे ४,९५० रुपये, चार टँकरचे ५,६०० रुपये आणि सफाई व पुनर्लागवडीच्या सहा दिवसांच्या मजुरीचे ४,२०० रुपये, असे एकूण १९,२५० रुपये संस्थेच्या खात्यात जमा करावेत. एक न उघडलेले आणि एक निम्मे पोते आमच्याकडे शिल्लक आहे, ते आपण घेऊन जावे. मराठी पत्रक विक्रीतून तातडीने काढून घ्यावे आणि ज्यांनी ते आधी नेले आहे त्यांना कळवावे, कारण जूनचा पहिला पाऊस झाला की पुष्कळ लोक लॉन लावतील आणि त्यांच्यातील मराठी वाचणारा प्रत्येक ग्राहक आमच्याच वाटेने जाईल.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८४ नुसार वस्तूच्या योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणे हेही उत्पादकाच्या दायित्वाचे कारण ठरते. या पत्राच्या पोचपावतीपासून १५ दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास संस्था जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करील. तसा ठराव व्यवस्थापन समितीने ४ मे रोजी मंजूर केला आहे.

सोबत पावतीची प्रत, दोन्ही भाषांतील पत्रके, पोत्यावरील तक्त्याचे छायाचित्र, १५ ते २२ एप्रिल या काळातील जागेची छायाचित्रे आणि झोपाळ्याजवळच्या पट्टीचे कालच काढलेले छायाचित्र जोडले आहे. पट्टी पाहायला पुन्हा कोणाला पाठवणार असाल तर सकाळी नऊच्या आत पाठवावे, माळीकाका त्या वेळेत हजर असतात आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ते स्वतः देतील.

कळावे,

आपली विश्वासू,
सचिव,
सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे